गॅस चालू आहे, दरवाजा उघडू नये

माझा आवाज मोठा आहे, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या घरात सगळ्यांचेच आवाज मोठे. वडील बागेच्या या टोकाला उभे राहून त्या टोकाच्या माणसाला हाक मारायचे आणि मधली केळीची पानं फाटायची, असं आई सांगायची. त्यामुळे मी जे करतो त्याला बोलणं म्हणतात, अशी माझी पन्नाशीपर्यंत समजूत होती. धाकटा भाऊ तेवढा आमच्यात वेगळा निघाला. त्याचं बोलणं ऐकायला जवळ जावं लागतं, आणि जवळ जाण्याइतका वेळ माझ्याकडे कधी नसायचा.

आम्ही मूळचे रावेरकडचे. वडील गेल्यावर दोघे भाऊ जळगावला आलो आणि शहराबाहेर, भुसावळकडे जाणाऱ्या रस्त्याला केळी पिकवायची दोन चेंबर बांधली. चेंबर म्हणजे एक मोठी थंड खोली. जाड भिंती, आत छतापर्यंत रचलेले क्रेट, वर पंखे. हिरवा माल भरायचा, दार लावायचं, पिकवायचा गॅस सोडायचा आणि एक अख्खा दिवस आणि रात्र दाराला हात लावायचा नाही. मध्येच दार उघडलं की गॅस निघून जातो आणि माल एकसारखा पिकत नाही. एकाच फणीत काही केळी पिवळी, काही हिरवी. असा माल बाजारात नेला तर लोक केळ्यांकडे न बघता आपल्याकडे बघतात. म्हणून मी स्वतःच्या हाताने लाल रंगात पाटी लिहून दारावर लावली होती: ‘गॅस चालू आहे, दरवाजा उघडू नये.’ खाली ‘हुकमावरून’. हुकूम अर्थात माझाच.

मागच्या हिवाळ्यात एकदा चहा पिता पिता धाकटा म्हणाला, “नाना, आखाजी झाली की मी धुळ्याले जातो म्हणतो.”

“जा की. सासुरवाडी आहे तुझी. किती दिवस?”

“राहायलेच. तिथं एक जागा पाहिली. आपलं एक छोटं चेंबर टाकतो.”

‘आपलं’ म्हणाला तो, पण त्यात मी नव्हतो हे मलाही कळलं. मी कारण विचारलं. तो म्हणाला, “कारण काही नाही,” आणि कपबशी घेऊन आत गेला. आमच्याकडे पुरुष स्वतःची कपबशी आत नेऊन ठेवतो तेव्हा समजावं की गोष्ट गंभीर आहे.

कारण मला बायकोने सांगितलं.

“अहो, दिवसातून किती वेळा ओरडता तुम्ही त्यांच्यावर, काही हिशेब आहे का?”

“मी ओरडतो?” मी विचारलं.

शेजारच्या बाई खिडकीत येऊन बघून गेल्या.

धंदा मी एकट्याने रेटला असता, ते काही नाही. पण वडिलांच्या मागे आम्ही दोघे एका ताटात जेवल्यासारखे राहिलो होतो. तो जाणार, आणि माझ्या तोंडामुळे जाणार, हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती. शेवटी फोन केला अक्काला. अक्का आमची थोरली बहीण, धुळ्याला दिलेली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली की आता ती तिकडची अहिराणी अशी बोलते जणू तिथेच जन्मली. एक वाक्य आपलं, एक त्यांचं. ती गुडघ्यांसाठी म्हणून जवळच्या एका सभागृहात योगाला जायला लागली होती आणि गुडघे तसेच ठेवून श्वासाकडे वळली होती.

“नान्या, बठ्ठं तुना डोकामाच शे,” ती म्हणाली. सगळं तुझ्या डोक्यातच आहे. “सकाळी उठून जरा बसत जा. डोळे मीट. श्वास आला, येऊ दे. गेला, जाऊ दे. नुसतं बघ त्याच्याकडे.”

“आणि?”

“आणि काय? झालं.”

“एवढंच शिकायला तू रोज रिक्षा करून जाते?”

“एवढंच जमत नाही म्हणून जाते.”

मी ठरवलं, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, आपला स्वभाव असा काही गार करून टाकायचा की धाकटा स्वतःहून म्हणाला पाहिजे, राहू द्या ते धुळं.

पहिल्या दिवशी मी पुढच्या खोलीत दिवाणावर बसलो. डोळे मिटले. श्वासाकडे बघायला लागलो तर श्वास लाजला. लग्नात फोटोवाला समोर आला की माणूस कसा विचित्र उभा राहतो, तसं माझं नाक वागायला लागलं. इतकी वर्षं आपोआप चाललेलं काम, आता मी मुकादमासारखा समोर उभा राहिल्यावर त्याला जमेना. मध्येच नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. मग रावेरहून निघालेली गाडी आठवली. मग ती गाडी चालवणारा ड्रायव्हर आठवला, आणि त्याने मागे एकदा मला उलट उत्तर दिलं होतं ते आठवलं. त्याला तेव्हा मी काय बोलायला हवं होतं ते मी सविस्तर, मनातल्या मनात, डोळे मिटून बोललो. आत मिक्सर सुरू झाला. दूधवाला आला. त्यानंतरचं मला आठवत नाही.

“अहो, झोपलात का?” बायकोचा आवाज आला.

“ध्यान करतोय.”

“मग घोरताय कशाला?”

गच्चीवर गेलो. शेजारच्या गच्चीवर एक निवृत्त गृहस्थ हात गोल फिरवत होते. त्यांनी माझ्या मिटलेल्या डोळ्यांकडे आदराने पाहिलं असावं, कारण ते गप्प होते. मग मी एक डोळा उघडून बघितलं तसे ते लगेच म्हणाले, “कंबर का?” त्यांना कंबरेवरचे सगळे उपाय माहीत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बरोबर तेल आणलं. पुढे होळी झाली आणि सकाळी आठलाच गच्चीची फरशी तव्यासारखी तापू लागली. जळगावात चैत्रात गच्चीवर बसून मन शांत करायला निघणारा माणूस एकतर साधू असतो नाहीतर पापड.

आणि मग मला सुचलं. अख्ख्या जिल्ह्यात अशी एकच जागा होती जी उन्हाळ्यात गार असते, अंधारी असते, जिथे मोबाइलला रेंज येत नाही आणि जिथे कोणी मला शोधायला येणं शक्य नव्हतं. कारण तिथल्या दारावर माझ्याच हाताने लिहिलं होतं की दरवाजा उघडू नये, आणि तो हुकूम मोडणाऱ्याचं मी काय करतो ते सगळ्यांना माहीत होतं.

दोन चेंबरपैकी एक बहुतेक सकाळी गॅसवर असायचं. दुसऱ्यात माणसांची ये-जा असे, ते कामाचं नव्हतं. मी गॅसवर असलेल्याचं दार अंगापुरतं किलकिलं करून आत सरकत असे आणि मागे ओढून घेत असे. आत दाराशेजारी भिंत आणि क्रेट यांच्यामध्ये एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा होती. जणू बांधतानाच माझ्यासाठी सोडली होती. वर पंख्यांची एकसुरी घरघर. हिरव्या केळ्यांचा थोडा ओलसर, तुरट वास. मी आतल्या एका उलट्या क्रेटवर बसायचो, अंगावर शाल घ्यायचो. बाहेर लोक घामाने निथळत असताना आपण शाल घेऊन बसलोय, यातच अर्धी मनःशांती होती.

ज्याने दार उघडू नये म्हणून पाटी लिहिली तोच दार उघडत होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. खरंच आलं नाही. इतरांनी दार उघडणं वेगळं आणि मालकाने आत बसणं वेगळं, असं माझं प्रामाणिक मत होतं. आपण वाजवलेला हॉर्न आपल्याला कुठे गोंगाट वाटतो?

तिथे मात्र मला बसणं जमायला लागलं. एकदम काही झालं नाही. रोज ती गाडी आठवायची, ड्रायव्हर आठवायचा, पण त्याला द्यायची उत्तरं हळूहळू आखूड होत गेली. एके दिवशी तो आठवला आणि मी काहीच बोललो नाही. श्वास आत गेला तो नाकाशी गार लागला, बाहेर आला तो कोमट लागला. एवढंच. पण ते मी पहिल्यांदा बघितलं होतं. पन्नास वर्षं वापरलेल्या वस्तूला पहिल्यांदा हात लावल्यासारखं वाटलं.

बाहेर आल्यावर धाकटा बहुतेक तिथेच कुठेतरी असायचा. मला वाटायचं, कामाला लवकर आला. मी त्याच्याशी बोलायचो आणि माझ्याच कानांना तो आवाज परका वाटायचा, इतका तो लहान होता. एकदा मी त्याच्या मुलीला गणित कसं जातंय ते विचारलं. तो गोंधळून म्हणाला, “नाना, तब्येत बरी आहे ना?” हमाल लोकही माझ्यासमोर मोकळेपणी हसायला लागले. हे सगळं तासभर टिकायचं. मग पहिला फोन यायचा आणि मी पूर्ववत व्हायचो. पण तासभर तर तासभर. मला वाटायला लागलं, हा आता काही धुळ्याला जात नाही.

त्याच सुमारास माल बिघडायला लागला.

आधी थोडा, मग जास्त. रंग एकसारखा येईना. वरच्या क्रेटात पिवळा, खालच्यात हिरवा, कुठे एकाच फणीत दोन्ही. मी कॉम्प्रेसरवाल्याला बोलावलं. गॅसची टाकी बदलली. रावेरच्या बागवाल्यांना फोन करून त्यांचा माल कोवळा कापलेला आहे असं ठणकावून सांगितलं. ते बिचारे शपथा घेत राहिले. धाकट्याला विचारलं तर तो म्हणायचा, “पाहतो, नाना.” पण बघायचा जमिनीकडे.

आखाजी चार दिवसांवर आली होती. धुळ्याला पाठवलेली आमची गाडी तशीच परत आली. तिथल्या व्यापाऱ्याने माल उतरवूनच घेतला नाही. भर दुपारी गाडी आवारात उभी, ताडपत्री काढलेली, आणि वरून दिसणारी ती हिरवी-पिवळी केळी. मी सकाळी अगदी छान बसलो होतो त्या दिवशी. त्याचा काही उपयोग झाला नाही.

“एक दार!” मी ओरडलो. “एक दार सांभाळता येत नाही तुला? कोण जातं आत? कोण उघडतं?”

सगळे हमाल उभे होते. धाकटा गाडीच्या फाळक्याला हात लावून उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

“सांग ना! दातखीळ बसली का?”

“चुकलं, नाना,” तो म्हणाला.

तिथे तरी थांबायला हवं होतं. पण माझी गाडी उतारावर एकदा लागली की लागली. मी म्हणालो, “धुळ्याला जायचं ना तुला? मग आखाजीची वाट कशाला बघतो? जा आजच.”

तो त्याच दिवशी नाही गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको-मुलांना घेऊन गेला. जाताना माझ्या बायकोच्या पाया पडला आणि मी बाहेर उभा होतो तर मला म्हणाला, “येतो, नाना.” मी मान हलवली.

आमच्या खानदेशात आखाजीचं महत्त्व दिवाळीहून जास्त. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, घराघरात पुरणपोळी आणि आमरस. आणि गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. नवी मातीची घागर, पाणी भरलेली, वर खरबूज ठेवलेलं. आमच्याकडे वडिलांची घागर आम्ही दोघे भाऊ मिळून भरतो. तो कळशीने पाणी ओततो, मी घागर धरतो. का असं, माहीत नाही. पहिल्या वर्षी तसं झालं आणि मग तेच झालं.

अक्का आदल्या दिवशी आली. पिशवी खाली ठेवायच्या आत तिने विचारलं, “लहाना कुठे?” धुळ्यातच असून त्याने तिला कळवलं नव्हतं. बायकोने सांगितलं. सगळं सांगितलं, फाळक्यासकट. मला वाटलं अक्का आता मला धुवून काढणार. ती म्हणाली, “उद्या घागर कोण धरेल आणि कोण भरेल मग?”

“मी भरीन एकटा.”

अक्का गप्प बसते तेव्हा घरातली भांडीसुद्धा सावध होतात.

तो गेल्यापासून मी बसलो नव्हतो. आखाजीच्या सकाळी उजाडताना बसायला म्हणून निघालो तर ती चप्पल घालून दारात तयार. “तुझी ती गुहा दाखव मले. मीच बसायले सांगितलं, आणि बसतो कुठे ते मीच पाहिलं नाही.”

सणाचा दिवस, चेंबरवर कोणी नव्हतं. आदल्या दिवशी भरलेला माल गॅसवर होता. अक्काने पाटी मोठ्याने वाचली. “हुकमावरून! कोणाच्या रे?”

“माझ्या.”

“मग तू कसा जातो आत?”

मी म्हणालो, “तू बस इथे बाहेर,” आणि आत सरकलो.

बसलो. शाल घेतली. श्वासाकडे बघू लागलो. थोड्या वेळाने वाटलं, आज काही वेगळंच होतंय. डोकं जड, पण एका प्रकारे छान जड. श्वास आपोआप खोल जायला लागला, भरभर. पापण्यांवर कोणी हात ठेवल्यासारखं झालं. मला वाटलं, आली. ज्या स्थितीबद्दल अक्का सांगते ती आली. सणाच्या दिवशी आली! मग छातीत धडधडायला लागलं. कपाळाच्या मागे ठोके पडायला लागले. एवढ्या गारठ्यात मला घाम फुटला, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की ही स्थिती वगैरे काही नसून आपल्याला हवा पुरत नाहीये. उठायला गेलो तर पाय वळेनात. दार हाताशी होतं, पण कडीवर बोटं नीट बसेनात. मी दारावर थापा मारल्या.

पाटी पाळणाऱ्या माणसाने ते दार उघडलं नसतं. अक्काने उघडलं. माझ्या शालीला धरून तिने मला बाहेर खेचलं आणि ओट्यावर बसवलं.

“श्वास घे! नान्या, श्वास घे!”

“घेतोय,” मी म्हणालो. मी इतक्या मनापासून श्वास कधीच घेतला नव्हता. त्याच्याकडे बघायला वगैरे मला फुरसत नव्हती.

पाणी प्यायलो. डोकं ठणकत होतं. अक्का मात्र माझ्याकडे बघत नव्हती, चेंबरच्या भिंतीकडे बघत होती.

“खिडकी कुठे आहे रे याची?”

“कसली खिडकी?”

“लहाना फोनवर म्हणे, अक्का, नाना आत बसतो आणि मी खिडकी उघडी धरून बाहेर थांबतो. मले वाटलं साधी खिडकी असेल, घरासारखी.”

आम्ही मागच्या बाजूला गेलो. तिथे भिंतीत वरच्या अंगाला हवा बाहेर काढायचं झडपेचं भोक आहे. गॅसचं काम संपलं की ते उघडून आतली हवा बदलतात. त्या झडपेला दोरी बांधली होती. दोरीचं टोक खाली एका खिळ्याला. त्याखाली एक जुनी प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीजवळ विटेच्या तुकड्याखाली ठेवलेला चहाचा ग्लास.

हिरवी केळीसुद्धा श्वास घेतात. आतली चांगली हवा ती वापरतात आणि माणसाला नको असलेली हवा सोडतात. बंद खोलीत एवढा माल रात्रभर असला तर सकाळी तिथे माणसाने बसू नये. चेंबर चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं. मलाही माहीत होतं, पण मला माहीत असलेल्या बहुतेक गोष्टी मी दुसऱ्यांना सांगण्यासाठीच वापरतो. धाकट्याने मला आत जाताना पाहिलं असणार. तेव्हापासून रोज मी आत बसलो की तो मागे जाऊन झडप उघडत होता, मी बाहेर येईपर्यंत तिथे थांबत होता. मी जो श्वास बघत बसायचो, जो बघून मला ध्यान जमल्यासारखं वाटायचं, त्याची हवा त्या झडपेतून यायची. आणि गॅस त्याच झडपेतून जायचा. दार मी किलकिलं केलं त्याने थोडा गेला असेल. बाकीचा तिथून.

मी त्या खुर्चीवर बसलो. अक्का म्हणाली, “ऊठ आता. पुरणाचं बघायचंय मले.”

“अक्का, मी धुळ्याला जाऊन येतो.”

“आज? सणाचा?”

“हो.”

घरी बायकोला सांगितलं, घागर थांबव. ती म्हणाली, “मामंजी थांबतील हो. पुरण थांबायचं नाही, उन्हाळा आहे.” पण डबा तिने आधीच भरायला घेतला होता.

एरंडोल, पारोळा मागे टाकत मी गाडी हाणत होतो आणि तोंडाने माफीची वाक्यं जुळवत होतो. पहिलं वाक्य चांगलं जमलं होतं. पुढे एका ट्रॅक्टरने रस्ता अडवला आणि मी खिडकीतून डोकं काढून त्याला जे बोललो त्यात ते वाक्य हरवलं.

धाकटा सासऱ्यांच्या घरात नव्हता. ठरवलेल्या जागेवर गेलाय म्हणाले. गावाबाहेर एक रिकामा तुकडा, कोपऱ्यात एक बाभूळ. तो सावलीत उभा राहून पायाने जमीन चाचपत होता. मला बघून घाबरला.

“काय झालं? घरी सगळे बरे?”

“बरे.” मी डबा त्याच्या हातात दिला. “आज तू नव्हता. मी आत बसलो.”

त्याचा चेहरा उतरला. “झडप?”

“बंद होती.”

“नाना!” तो ओरडला. खरंच ओरडला. त्याचा आवाज एवढा मोठा होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. “डोकं फिरलं का तुमचं? माणूस मरतो ना आत! किती वाजता गेले होते? कोण होतं सोबत?”

“अक्का होती.”

तो बाभळीला टेकला. मग मी विचारलं, “माल बिघडत होता ते तुला माहीत होतं. मग सांगितलं का नाही?”

“काय सांगणार होतो? सांगितलं असतं तर तुम्ही बसणं सोडलं असतं.”

“मग? सोडलं असतं तर?”

तो हसला, थोडंसं. “बाहेर आल्यावर तासभर तरी माणसात राहत होते तुम्ही. पोरीचं गणित विचारलं होतं. मी घरी जाऊन बायकोले सांगितलं, आज नानानं पोरीचं गणित विचारलं. तिले खरं वाटलं नाही. मी म्हटलं, जाऊ दे थोडा माल. होईल सवय. मग टिकेल दिवसभर.”

गाडीत जुळवलेलं काहीच माझ्या तोंडात येईना. मी म्हणालो, “फाळक्याजवळ मी जे बोललो ते...” मोठ्या आवाजाचा माणूस रडायला लागला की फार वाईट दिसतं. तो डबा उघडून आत काय आहे ते बघत राहिला, म्हणजे मला तोंड पुसायला वेळ मिळाला.

“घागर भरली का?” त्याने विचारलं.

“नाही. कोण ओतेल पाणी?”

“चला मग.” डब्याचं झाकण त्याने लावलं. “पण एक सांगतो, नाना. घागरीपुरता येतो. इथलं ठरलं ते ठरलं. रागानं नाही. मले पण एकदा पाहू द्या, माझा आवाज किती लांब जातो ते.”

परत येताना गाडी त्याने चालवली. पारोळ्याजवळ मला डुलकी लागली. तो म्हणाला, घोरत होतो.

ऊन कलल्यावर घागर भरली. त्याने ओतलं, मी धरली. अक्का मागून म्हणाली, “सरळ धर रे, बाबाच्या पायावर सांडशील.” बायकोने पुरण उतरलं की नाही ते बघायला सगळ्यांना पाटावर बसवलं. उतरलं नव्हतं.

तो धुळ्याला गेला. पावसाळ्याआधी त्याचं चेंबर उभं राहिलं. आमच्याकडचा रंग आता एकसारखा येतो, फक्त ओरडायला कोणी नाही. नवीन माणूस ठेवलाय, पण त्याच्यावर ओरडण्यात तो घरचेपणा नाही, म्हणून आवाज आपोआप कमी झाला असेल. ध्यानाने झाला असं मी कुणाला सांगत नाही. बायको तर मुळीच मानणार नाही.

बसतो मात्र रोज. चेंबरच्या मागे, त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. तिथे ऊन उशिरा येतं. श्वास येतो, जातो, मध्ये रस्त्यावरून गाड्या जातात. कधी जमतं, कधी ड्रायव्हर आठवतो. बसायच्या आधी फोन वाजतो. एवढ्या सकाळी एकच माणूस फोन करतो, आणि त्याचं ऐकायला अजून फोन कानाशी घट्ट धरावा लागतो.

“नाना, बाहेर बसले ना?”

“बाहेरच आहे रे.”

“खरं?”

मग मी फोन खाली धरतो, रस्त्याच्या बाजूला. एखादा ट्रक जाईपर्यंत तसाच धरून ठेवतो. ट्रकचा आवाज ऐकला की तो फोन ठेवतो आणि मी डोळे मिटतो.